लेपाच्या खोलीतला हात

१

त्या माणसाच्या डोक्याचं नेमकं काय झालंय ते इन्स्पेक्टर जलीलाला आधी कळलंच नाही, कारण सगळं हिरवं होतं. कपाळावर, गालांवर, दाढीत, मानेवर समुद्री शेवाळाचा दाट लेप. मग ती एक पाऊल पुढे झाली आणि हिरव्याखालचं लाल तिला दिसलं. कपाळाची एक बाजू पार आत बसली होती. एक डोळा जागेवर नव्हता. उशीवरून ओघळलेल्या रक्ताचं खाटेखाली डबकं झालं होतं आणि त्या डबक्यात खलबत्त्याचा पितळी बत्ता पडला होता.

"ओकायचं असेल तर बाहेर जा," ती मागे न बघता म्हणाली.

"मी ठीक आहे, मॅडम." हवालदार मोंजी तोंडावर रुमाल धरून दारातच उभा होता.

"मग आत ये."

ट्युनिशियातल्या महदियाच्या किनाऱ्यावरच्या 'दार अल-मौज' हॉटेलात उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. सीमेपलीकडून अल्जेरियातली कुटुंबं गाड्या भरभरून येतात. चार दिवस समुद्र, शेवाळाचे लेप, हमाम, जुन्या शहरात रेशमी ओढण्यांची घासाघीस, बंदरावर भाजलेले तारली मासे, की परत घरी. मेलेला माणूस अशाच एका गाडीतून आला होता. नाव बूअलाम. कॉन्स्टंटिन शहरातला मटणाचा बडा व्यापारी, बैलासारख्या मानेचा. सोबत बायको, म्हातारी आई आणि धाकटा भाऊ.

लेप लावणारी बेया भिंतीला टेकून उभी होती. "मी त्यांना लेप लावला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर घोंगडी घातली, डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवल्या आणि गेले. लेप वाळेपर्यंत माणसाने हलायचं नसतं. पाणी घेऊन परत आले तर हे असं."

"हा खलबत्ता कुठला?"

"इथलाच. लेपाची माती कुटायला त्या कोपऱ्यात असतो."

"खोलीला दुसरं दार?"

"नाही. हे एकच, बोळात उघडणारं. खिडकीला गज आहेत." बेयाने एकदा दाराकडे पाहिलं. "मॅडम, एक सांगू? ही खिडकीजवळची खाट मॅनेजरसाहेबांची. या वेळेला रोज तेच इथे पडलेले असतात. आज हे पाहुणे हटून बसले, मला खिडकीच पाहिजे म्हणून. साहेब निमूट उठून गेले, खोलीत हे एकटेच उरले."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मी आणि साहेब सोडून कुणालाच नाही. लेप लावला की सगळे सारखेच दिसतात."

तेवढ्यात खालच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी ओरडत होतं, "सापडला, खुनी सापडला," आणि पाठोपाठ लाकूड मांसावर बसल्याचा आवाज आला.

२

स्वयंपाकघरामागच्या अंगणात दहा-बारा जणांनी एकाला कचऱ्याच्या डब्यांमध्ये लोळवलं होतं. वेटर होते, पोहायच्या चड्डीवरचे पाहुणे होते, आणि सगळ्यांच्या पुढे छत्रीचा तुटलेला दांडा घेतलेला एक तरणा गडी होता. दांडा वर जायचा आणि खाली यायचा. खालचा माणूस आता हात आडवे धरायच्याही पलीकडे गेला होता.

जलीलाने पिस्तूल काढून एक गोळी आकाशात झाडली. बाकीचे पांगले. दांडेवाला मात्र थांबेना, तेव्हा तिने पिस्तुलाची मूठ त्याच्या कोपरावर हाणली. दांडा खाली पडला.

"माझा भाऊ मारला त्याने," तो दातओठ खात म्हणाला. हा सोफियान, बूअलामचा धाकटा भाऊ.

"आणि तू याला मारलास तर मी दोन प्रेतं मोजायची? हो मागे."

जमिनीवर पडलेला शादली हॉटेलचा आचारी होता. नाक फुटलेलं, सदऱ्याची पुढची बाजू रक्ताने माखलेली. त्यातलं सगळंच रक्त त्याचं नव्हतं. काल दुपारी मॅनेजर नजीबने त्याला भरल्या जेवणघरात कामावरून काढलं होतं, आणि त्यानेही भरल्या जेवणघरातच उत्तर दिलं होतं, "तुझं टाळकं ठेचतो की नाही बघ."

"मी गेलो होतो," शादली रक्त थुंकत म्हणाला. "खोटं कशाला बोलू? नजीबला दोन ठेवून द्यायला गेलो होतो. एरवी हात लावू देत नाही, म्हटलं गुंडाळलेला असताना गाठावा. आत गेलो तर डोकंच नव्हतं त्याला. मी पाय घसरून त्याच्या रक्तात पडलो. मला वाटलं, नजीबच मेला. पळालो."

"आणि बत्ता?"

"हात नाही लावला. आईशपथ."

हे ऐकायला नजीब स्वतः तिथे येऊन उभा होता. अंगात हॉटेलचा पांढरा झगा, चेहरा त्याहून पांढरा. "मॅडम, माझ्या वाट्याचं मरण त्या बिचाऱ्याला आलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती आणि सुटल्याचा आनंदही, आणि तो त्याला लपवता येत नव्हता. "याने मला समजून त्याला मारलं. याहून सरळ प्रकरण तुम्हाला वर्षात मिळणार नाही."

मोंजीने मान डोलावली. अंगणातल्या सगळ्यांनीच डोलावली. शादलीला रुग्णवाहिकेत चढवताना त्याच्या बरगड्या कुरकुरलेल्या जलीलाने ऐकल्या.

वरच्या खिडकीतून डॉक्टरने हाक मारली. "इन्स्पेक्टर, वर या जरा. त्याचं प्लास्टिक सोडलंय मी. तुम्ही बघितल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही."

३

बूअलामचा उजवा हात मनगटापासून खाली हात म्हणून उरलाच नव्हता. पाचही बोटं ठेचलेली, हाडं कातडीतून वर आलेली, एका बोटात जाड सोन्याची अंगठी रुतलेली.

"हे तो मेल्यानंतरचं," डॉक्टर म्हणाला. "रक्त जवळजवळ आलंच नाही. डोक्यावरचे घाव आधीचे. आणि तेही बघा, सरळ वरून खाली, सगळे एकाच जागी. चिडलेला माणूस वेडावाकडा हाणतो. हे तसं नाही."

जलीला वाकली. सगळं अंग हिरवं होतं, डावा हातसुद्धा. उजवा तेवढा पुसलेला होता. बोटांच्या फटींतूनही लेप काढलेला होता.

"आम्ही आलो तेव्हा हा हात आत होता?"

"प्लास्टिकच्या आत, घोंगडीखाली. घोंगडी दोन्ही बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली होती."

"बेयाने खोचली असेल?"

"विचारलं मी. ती खोचत नाही म्हणे, गुदमरायला होतं लोकांना."

जलीला खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली टेकडीच्या उतारावर कबरस्तानातल्या पांढऱ्या कबरी थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. ज्याने हे केलं त्याने आधी डोकं फोडलं. मग गुंडाळलेल्या माणसाचा उजवा हात शोधून बाहेर काढला, पुसला, ठेचला, परत जागेवर ठेवला आणि पांघरूण सारखं केलं. चुकून भलत्याला मारणारा माणूस हात पुसत बसत नाही. पुसलाच, तर बोटातली ती अंगठी त्याला दिसली असती. नजीबच्या बोटात अंगठी नव्हती. खुन्याला खाटेवर कोण आहे ते पक्कं ठाऊक होतं.

"हाताबद्दल बाहेर एक अक्षर जाता कामा नये," तिने डॉक्टरला आणि मोंजीला बजावलं. "ज्याला माहीत असेल, तोच आपला माणूस."

नजीबला तिने त्याच्या केबिनमध्ये गाठलं.

"या कुटुंबाबद्दल सांगा."

"काय सांगणार? उन्हाळ्यात अर्धा अल्जेरिया माझ्या तलावात डुंबत असतो, मी एकेकाचं काय लक्षात ठेवू?"

"खाटेवरून उठवलं तर निमूट उठलात. एवढं कुणासाठी करता तुम्ही?"

नजीब खुर्चीत चुळबुळला. "दांडगा माणूस होता. त्याच्या नादी कोण लागणार? पण दिलदार. आज संध्याकाळी बायकोला समुद्रावर न्यायचं म्हणून मच्छीमाराची होडी ठरवायला सांगितली मला. दोघंच जाणार. नावाडीसुद्धा नको म्हणाला. मीच वल्हवतो म्हणे."

"बायकोला पोहता येतं?"

"छे. परवा गुडघाभर पाण्यात घाबरून ओरडली, सगळे हसत होते."

"होडीचं अजून कुणाला माहीत होतं?"

"म्हातारीला. सकाळी न्याहारीच्या आधी इथे आली. होडी रद्द कर म्हणाली, नाहीतर सुनेला वेगळी खोली दे आणि दाराला आतून कडी दे. मी म्हटलं, मावशी, नवराबायकोच्या मध्ये हॉटेलवाला कशाला?"

"आणि मग?"

"मग काही नाही. बूअलामसाहेब समोरून जात होते, त्यांना तिच्यासमोरच सांगितलं गमतीत. आईसाहेब तुमची होडी बुडवायला निघाल्यात म्हणून."

"ते काय म्हणाले?"

"हसले." नजीबने ओठांवरून जीभ फिरवली. "आईकडे बघून हसले."

४

त्यांना दोन खोल्या दिल्या होत्या, मध्ये दार. आईची लहान, मुलगा-सुनेची मोठी; धाकटा खालच्या मजल्यावर वेगळा होता. त्या मधल्या दाराची फळी एवढी पातळ होती, की पलीकडे मोंजीने खुर्ची सरकवली तीही अलीकडे ऐकू आली.

बूअलामची बायको नासिरा पलंगाच्या कडेला बसली होती. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. तिच्या शेजारी सासू, झुविना. कॉन्स्टंटिनच्या जुन्या बायका घालतात तसं डोक्यापासून पायापर्यंत काळं वस्त्र, हातात काठी, सुजलेले गुडघे. पोटचा पोरगा गेलेल्या बाईसारखी ती रडत नव्हती. सुनेच्या झग्याचं टोक मुठीत धरून बसली होती.

"बाह्या वर करशील?" जलीला म्हणाली.

नासिराने सासूकडे पाहिलं. झुविनाने मान हलवली. बाह्या वर गेल्या. दंडांवर बोटांचे निळे ठसे होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले. मग नासिरा स्वतःच पाठमोरी झाली आणि तिने झगा खांद्यावरून उतरवला. जलीलाने सोळा वर्षं पोलिसात काढली होती. तरी तिने नजर वळवली.

"नवरा मेला तेव्हा तू कुठे होतीस?"

"बायकांच्या हमाममध्ये."

"सतत?"

"मध्ये जरा वाफेतून निघून गार खोलीत बसले होते. एकटीच."

"आणि तुम्ही, मावशी?"

"बोळात, बाकावर," झुविना म्हणाली. "मला आतली वाफ सोसत नाही."

तो बाक लेपाच्या खोलीच्या दारासमोरच होता. जलीलाने वर येतानाच पाहिला होता. "म्हणजे त्या दारातून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते तुम्हाला दिसलं असणार."

"नाही दिसलं, पोरी. डोळे मिटून बसले होते. माळ ओढत होते."

"आम्ही आचाऱ्याला पकडलंय."

म्हातारीने झटकन मान वर केली. "कुठल्या आचाऱ्याला? तो बारका? त्याने नाही मारलं."

"कशावरून?"

"तो रडत बाहेर आला. मारून आलेला माणूस असा लहान पोरासारखा रडत नाही." ती काठीवर पुढे झुकली. "कुठाय तो?"

"इस्पितळात. तुमच्या धाकट्याने आणि वेटरांनी मिळून त्याच्या बरगड्या मोडल्या."

झुविनाची झग्याचं टोक धरलेली मूठ आणखी घट्ट झाली. त्या मुठीच्या नखांत हिरवट कीट अडकलेलं जलीलाला दिसलं. सुट्टीवर येताना म्हाताऱ्या मेंदी लावून येतात. जलीलाची आईही लावायची.

मधलं दार उघडून मोंजी आत आला. "मॅडम, खोली बघून झाली. काही नाही."

नासिरा त्याच्याकडे बघत राहिली. मोंजीने नजर जमिनीला खिळवली. मग नासिरा अगदी शांत आवाजात बोलली.

"हे साहेब ओळखतात मला. काल दुपारी मी यांच्याकडे गेले होते."

५

बोळात आल्यावर जलीलाने मोंजीला भिंतीला लावलं.

"बोल."

"काय बोलू? आली होती चौकीवर. नवरा मारतो म्हणाली. समुद्रात बुडवणार म्हणाली."

"आणि तू?"

"मॅडम, परक्या देशाची बाई, दोन दिवसांची पाहुणी. कागद कुठल्या नावाने करायचा? म्हटलं, ताई, सुट्टीवर आलात, मजा करा, तक्रार घरी जाऊन करा."

"नंतर?"

मोंजीने टोपी काढून हातात घेतली.

"नंतर काय केलंस, मोंजी?"

"तिला जपून हॉटेलवर पोचवली." त्याचा आवाज बसला. "नवऱ्याच्या हवाली केली. तो म्हणाला, उपकार झाले भाऊ, डोक्याने जरा कमी आहे ती. मला कॉफी पाजली त्याने."

जलीलाचा हात उठला आणि मोंजीच्या कानाजवळ भिंतीवर आपटला. भिंतीचे पोपडे खाली पडले. तिच्या बोटांची पेरं सोलली, पण ते तिला जाणवलं नाही. नासिराच्या पाठीवरचे ताजे वळ कालचे होते. मोंजी कॉफी पिऊन निघाल्यानंतरचे.

"माझ्या समोरून जा."

तो हलला नाही. "मॅडम, तिनेच मारलं असेल ना? गार खोलीतून चार पावलांवर ते दार. कारण आहे. म्हातारी समोर बसून होती, ती काय सुनेला अडकवणार आहे?"

तेच जलीलाच्याही डोक्यात घोळत होतं. डोळे मिटलेल्या बाईला रडणारा आचारी दिसला. म्हणजे डोळे उघडे होते. म्हणजे आचाऱ्याआधी आत कोण जाऊन आलं तेही तिला माहीत होतं, आणि ते ती सांगत नव्हती. बाई खोटं बोलते ती कुणाला तरी वाचवायला. पण स्वतःच्या पोराला मारणाऱ्या सुनेला कुठली सासू वाचवते?

खोलीचं दार उघडलं. नासिरा उंबऱ्यात उभी होती. दोन्ही हात तिने पुढे केले होते, बेडीसाठी.

"त्या आचाऱ्याला सोडा," ती म्हणाली. "मी मारलं."

६

जुन्या तटबंदीच्या दरवाजापाशी पोलीस चौकी आहे. दुपारच्या उन्हात बाजार बंद झाला होता. आतल्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला जलीला, दुसऱ्या बाजूला नासिरा. झुविना काठी टेकत मागून आली होती. तिला कुणी अडवलं नाही. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"कसं मारलंस?"

"बत्त्याने. डोक्यात."

"किती घाव?"

"मोजले नाहीत."

"त्याने आवाज नाही केला?"

"डोळ्यांवर कापूस होता त्याच्या. त्याला कळायच्या आत झालं."

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण एवढं तर बेयाच्या तोंडून एव्हाना सगळ्या हॉटेलला कळलं होतं.

"मग काय केलंस?"

"पळाले. गार खोलीत."

"लगेच?"

"लगेच. थांबून काय करू?"

जलीला मागे रेलली. "नासिरा, त्याच्या अंगावर अजून एक गोष्ट केलेली आहे. डोकं फोडल्यावर. काय ते सांग, आणि मी आत्ता तुला बेडी घालते."

नासिराचे डोळे भिरभिरले. तिने टेबलाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि मग मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. जलीलाला उत्तर मिळालं.

त्याच क्षणी दार भिंतीवर आदळलं. बाहेरच्या शिपायाला ढकलून सोफियान आत घुसला. वहिनी पोलिसांत कबुली द्यायला गेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. जलीला टेबलाच्या त्या बाजूला होती. ती वळसा घालून येईपर्यंत त्याने नासिराला केसांना धरून खुर्चीसकट खाली पाडलं आणि तिच्या गळ्यावर दोन्ही अंगठे रोवले.

"माझ्या भावाचं खाल्लंस आणि त्यालाच खाल्लंस," तो ओरडत होता. नासिराचे पाय फरशीवर घासत होते.

जलीलाने त्याला मागून पकडलं. मोंजीने एक हात ओढला. तो सुटेना. तेव्हा दाराजवळची खुर्ची सरकली. सुजलेल्या गुडघ्यांची झुविना काठीशिवाय उभी राहिली, काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि सरळ खाली आणली. सोफियानच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो किंचाळून बाजूला कोसळला.

"यम्मा," तो मनगट पोटाशी धरून आईकडे बघत कळवळला. "यम्मा, मला मारलंस? हिच्यासाठी?"

"तूही आता तेच शिकलास," झुविना म्हणाली. तिला धाप लागली होती. "मला वाटलं, एक गेला की संपेल."

मोंजीने सोफियानला बाहेर नेलं. जलीलाने नासिराला उठवून पाणी दिलं. मग ती म्हातारीसमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"मावशी, हात दाखवा."

झुविनाने मुठी उघडल्या. नखांत अजून हिरवं होतं. तळवे मात्र कोरे होते, पांढरट, सुरकुतलेले. मेंदीचा कुठे मागमूस नव्हता.

"मेंदी असती तर तळवे रंगले असते," जलीला म्हणाली. "हा शेवाळाचा लेप आहे. त्याचा हात तुम्ही पुसलात."

नासिरा मागून म्हणाली, "यम्मा, बोलू नकोस."

"गप गं. तू खूप बोललीस माझ्यासाठी." झुविनाने सावकाश बैठक मारली. "घरी मी खालच्या मजल्यावर असते. हे दोघं तिसऱ्या. जाड भिंती. सून कधी तोंड सुजवून खाली यायची, जिन्यावरून पडले म्हणायची. मी मान्य करायचे. मान्य करणं मला येतं, तीस वर्षं मीही जिन्यावरूनच पडत होते. त्याचा बाप असाच होता. इथे आलो आणि मध्ये ती फळी. पहिल्याच दिवशी सगळं ऐकलं. काल ही तुमच्याकडे जाऊन आल्यावर त्याने हिला काय केलं, तेही ऐकलं. तिला म्हणाला, उद्या होडीत दोघं जाऊ आणि मी एकटा परत येईन. मी हॉटेलवाल्याकडे गेले. त्याने त्यालाच सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला. बापासारखाच हसला."

"दुसरा काही मार्ग..."

"तू दाखव. पोलीस झाले, हॉटेलवाला झाला. धाकट्याला सांगितलं, तो म्हणाला, यम्मा, नवऱ्याचा हक्क आहे. मग कोण उरलं? मी बोळात बसले होते, दार समोर होतं. लहानपणापासून खलबत्त्यात कुटतेय मी. बत्ता उचलायला मला गुडघे लागत नाहीत."

"आणि हात?"

बाहेर कुणीतरी दुकानाची फळी उघडत होतं.

"डोकं फोडलं ते हिच्यासाठी. हात माझ्यासाठी," झुविना म्हणाली. "तो हात धरून मी त्याला चालायला शिकवलं होतं. त्याच हाताने तो मारायचा. पुसला, बघितला. तसाच मातीत जाऊ द्यायचा नव्हता मला. मग थंडी वाजेल म्हणून पांघरूण घातलं. मेलेल्याला कसली थंडी? पण हात सवयीने गेले." तिने जलीलाकडे पाहिलं. "त्या बारक्या पोराला सांग, मी माफी मागितली. तो पळताना मी हाक मारायला हवी होती."

७

मोंजीला जलीलाने दुसऱ्या दिवशी तपास न्यायाधीशांपुढे उभा केला. दारात तो तिला म्हणाला, "मॅडम, नोकरी जाईल माझी." ती म्हणाली, "जाऊ दे." आत जाऊन त्याने सगळं सांगितलं, कॉफीसकट. नजीबने होडीचं सांगितलं, घाम पुसत पुसत. शादलीने पट्टे बांधलेल्या छातीने साक्ष दिली आणि म्हातारीकडे न बघता निघून गेला. मोंजी आणि नजीबच्या साक्षींमुळे शिक्षा कमी झाली, एवढं वकील म्हणाला. पण शिक्षा झाली. सोफियान हाताला प्लास्टर घालून भावाचं प्रेत घेऊन कॉन्स्टंटिनला गेला. नासिरा त्याच्यासोबत गेली नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला जलीला दुसऱ्याच एका कैद्याच्या कामासाठी तुरुंगात गेली. भेटीचा दिवस होता. फाटकाबाहेर बायकांची रांग होती, प्रत्येकीच्या हातात आतल्या माणसासाठी आणलेली खाण्याची टोपली. रांगेत नासिरा उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. महदियात रेशीम विणणाऱ्या एका बाईकडे तिने काम धरलं होतं, राहायलाही तिथेच होती. दर आठवड्याला बस पकडून यायची.

जलीला लांबूनच थांबली.

फाटकावरची रखवालदार नवी होती. तिने टोपलीवरचं फडकं उचललं. आत कोंबडीचा रस्सा होता आणि हाताने वळलेल्या शेवया.

"कुणासाठी?"

नासिराने नाव सांगितलं. रखवालदाराने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ही गोष्ट आत सगळ्यांना माहीत होती.

"झुविना? तुझ्या नवऱ्याला मारलं तीच ना ती?"

"हो, तीच," नासिरा म्हणाली. "टोपली लवकर आत द्या. तिला गार चालत नाही."